आकाशातल्या लुटारूंचा माल शेवटी विकत कोण घेतो?

झिरोमाईल (धागाकर्ता)

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांत एक ठरलेलं पात्र असतं: आकाशचाचा, म्हणजे आभाळातला लुटारू. डोक्यावर चामड्याची टोपी, कपाळावर चढवलेला गॉगल, कमरेला पिस्तूल, पायाखाली उडतं जहाज आणि जहाजावर चार-पाच अर्धवट डोक्याचे साथीदार. कप्तान आधी नायकाला दोरखंडाने बांधतो, दोन प्रकरणांनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवायला लागतो आणि शेवटच्या लढाईत बरोब्बर वेळेवर ढगातून बाहेर येतो. हे पात्र मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्याच्यावर जरा रागही आहे.

आमच्या पिढीला हा इसम पहिल्यांदा भेटला दूरदर्शनवर, 'टेलस्पिन'मध्ये. मालिका १९९० ची. डॉन कार्नाज नावाचा नखरेल लांडगा, 'आयर्न व्हल्चर' नावाचं त्याचं अजस्र हवाई जहाज, त्याच्या पोटातून भसाभसा बाहेर पडणारी छोटी विमानं, आणि समोर मालवाहू विमान चालवणारा बल्लू अस्वल. गंमत बघा, हा बल्लू मूळचा किपलिंगच्या सिवनीच्या जंगलातला, म्हणजे आपल्याच जबलपूर रोडचा. आपल्या शेजारचं अस्वल अमेरिकेत जाऊन वैमानिक झालं, शेरखान उद्योगपती झाला, आणि आपण इथे बसून टाळ्या वाजवल्या.

तर राग कशाचा? कार्नाज लुटतो, ठीक. पुढे काय? पेट्या घेऊन हा ढगात राहतो. त्या पेट्या कोणाला विकतो? डिझेल कुठे भरतो? समुद्रावरच्या चाच्यांना पोर्ट रॉयल होतं, नसाऊ होतं. तिथे चोरीचा माल घेणारे व्यापारी होते, दारूचे गुत्ते होते, लाच खाणारे अधिकारी होते. ते सगळं उचलून आभाळात नेताना लेखकांनी फक्त टोपी नेली, बाजार खालीच ठेवला.

मूळपुरुषाकडे गेलं तरी तेच. ज्यूल व्हर्नचा रोबूर, १८८६. 'अल्बट्रॉस' नावाच्या पंख्यांच्या जहाजातून जगभर फिरतो. पण तो चोरतो काय? फिलाडेल्फियाच्या बलूनवाल्या मंडळातली दोन हट्टी माणसं, एक नोकर. का? तर हवेपेक्षा जड यंत्रच खरं, हे त्यांच्या गळी उतरवायला. वादात जिंकण्यासाठी माणसं पळवणारा हा गृहस्थ आपल्या संस्थळावर सहज खपला असता. १९०४ च्या पुढच्या कादंबरीत तो स्वतःला जगाचा धनी म्हणवतो, तरी हिशेबाची वही नाहीच.

मी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. नागपूरच्या आभाळात लुटारू हवे आहेत. टोपी-गॉगल जमलं आहे, बाकी काही जमत नाहीये. मंडळींनी मदत करावी.


तर्रीबाज

पयला नंबर माझा. भाऊ, नागपुरात आभायातली लूट तुमी पाहिली नाई काय? संक्रांतीले गच्चीवर या नं. पतंग कटली का 'ओ पार' करत अख्खी गल्ली पयते, बांबूच्या टोकाले बोराटीची फांदी बांधून. मालकी कोनाची? ज्याच्या काट्यात अडकली त्याची. कोर्ट नाई, कचेरी नाई. तुमच्या त्या कार्नाजले आमच्या महाल भागातलं पोट्टं चक्रीसकट लुटून घेईन.


कोथरूडचा_कावळा

विषय छान, पण प्रश्नच चुकीचा वाटतो. ही पात्रं अर्थशास्त्र शिकवायला नसतात. आकाशचाचा म्हणजे स्वातंत्र्याची चैन. खाली राजे, सरकारं, कर, लग्नं. वर कोणी नाही. वाचक त्या मोकळ्या हवेसाठी येतो. तिथे डिझेलची पावती मागणं म्हणजे लावणीला जाऊन ढोलकीच्या चामड्याचा भाव विचारणं.


झिरोमाईल

@कावळा, भाव विचारणारेही असतात हो, ढोलकीवाला तर नक्कीच विचारतो. मी या धाग्यावर ढोलकीवाला आहे.


यंत्रविद्या

अर्थशास्त्र नंतर. आधी जहाज उडवू.

१. शिडं. प्रत्येक चित्रात उडत्या जहाजाला शिडं असतात आणि प्रत्येक चित्रात ती चुकीची असतात. समुद्रावर शीड चालतं कारण खाली पाणी जहाजाला धरून ठेवतं आणि वर वारा ढकलतो. या दोघांच्या ओढाताणीत दिशा मिळते. हवेत तरंगणारं जहाज वाऱ्यासोबतच वाहतं. बलूनमध्ये बसलेल्या माणसाला वारा लागत नाही, मेणबत्ती लावली तरी ज्योत सरळ राहील. शीड लोंबकळत राहणार, गळ्यातल्या उपरण्यासारखं.

२. उचल. एक घनमीटर हायड्रोजन समुद्रसपाटीला साधारण १.१ किलो उचलतो, हेलियम साधारण एक किलो. हिंडेनबर्ग या जर्मन हवाई जहाजात दोन लाख घनमीटर वायू होता, लांबी २४५ मीटर. आता नागपूरचा मे घ्या. ४५ अंशाला हवा विरळ, त्यात आपण समुद्रसपाटीपासून तीनशेएक मीटर वर. गोळाबेरीज बारा-तेरा टक्के उचल गेली. लुटारूंनी मे महिन्यात धंदा बंद ठेवावा, नाहीतर तोफा घरी ठेवून यावं. तोफा तशाही घरीच ठेवलेल्या बऱ्या, वर हायड्रोजनची पिशवी आहे.

३. वेग. हिंडेनबर्ग जोर लावून ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. साधं डाकोटा विमान त्याच्या दुपटीने पळतं. म्हणजे हवाई जहाजातून विमानाचा पाठलाग विसरा.

यावर उपाय खरोखर झालेला आहे. अमेरिकन नौदलाची 'ॲक्रॉन' आणि 'मॅकॉन' ही दोन हवाई जहाजं, १९३० च्या दशकाची सुरुवात. पोटात छोटी लढाऊ विमानं. विमान परत येताना जहाजाखाली लोंबणाऱ्या झुल्यासारख्या दांडीला वरच्या आकड्याने अडकवायचं, मग ते आत ओढून घ्यायचे. कसरत होती, पण रोज चालायची. १९३३ मध्ये ॲक्रॉन वादळात पडलं, ७३ माणसं गेली. १९३५ मध्ये मॅकॉनही गेलं. त्यामुळे धागाकर्ते ज्याला हसले ते आयर्न व्हल्चर या धाग्यातलं सगळ्यात शास्त्रशुद्ध वाहन आहे.


वकीलीणबाई

माझा विषय निघेपर्यंत थांबले होते, कोणी काढेना, म्हणून मीच काढते.

संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायद्याचा करार, १९८२, कलम १०१. चाचेगिरीची व्याख्या. त्यात 'खाजगी जहाज किंवा खाजगी विमान' असं स्पष्ट आहे. म्हणजे आकाशचाचा ही कल्पना कायद्याने कधीच मान्य केली आहे. पण दोन अटी: हेतू खाजगी हवा आणि जागा खुल्या समुद्रावरची किंवा कुठल्याच देशाच्या अधिकारात न येणारी हवी. नागपूरवरचं आभाळ भारताचं. सबब इथे कितीही टोप्या घातल्या तरी तुमचा नायक चाचा ठरत नाही.

मग कोण ठरतो? पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली तर दरोडा. पूर्वी दंडसंहितेचं कलम ३९१, आता न्याय संहितेचं ३१०. चार असतील तर नुसती जबरी चोरी. कथेत साथीदार किती ठेवायचे ते विचार करून ठरवा, शिक्षेत फरक पडतो. आणि प्रवासी विमानाचा ताबा घेतला तर २०१६ चा विमान अपहरणविरोधी कायदा लागेल, तिथे मी वकीलपत्र घेणार नाही.


तर्रीबाज

वकीलीणताई, मंजे चाचा बनाले आधी समुद्रापर्यंत जा लागते? आमच्या गरिबानं काय अंबाझरी तलावावर धंदा कराव काय?


वकीलीणबाई

अंबाझरीवर महानगरपालिका तुम्हाला होडी लावायचे पैसे मागेल.


पैठणीतली_पिस्तूल

बायकांचा मुद्दा कोणी काढत नाहीये. या सगळ्या टोपीवाल्यांत मला एकच कप्तान खरी वाटते: जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या १९८६ च्या 'कॅसल इन द स्काय' या ॲनिमेशनपटातली डोला. म्हातारी, लाल वेण्या, खादाड, हाताखाली स्वतःचीच बावळट मुलं. सुरुवातीला ती खलनायिका वाटते. मग नायिका तिच्या जहाजाच्या कळकट स्वयंपाकघरात कामाला लागते आणि एकेक लुटारू काहीतरी निमित्त काढून 'मदत करू का' म्हणत तिथे शिरतो. सगळे दारात एकमेकांना धडकतात. लुटारू म्हणजे आधी एक कुटुंब आहे, भुकेलं कुटुंब, हे त्या एका प्रसंगात कळतं.

आणि @तर्रीबाज, तुमच्यासाठी: तिच्या जहाजाला टेहळणीचा पतंग आहे. दोरावर सोडायचा, आत दोन माणसं बसतात, ढगांच्या वर जाऊन नजर ठेवायची. नायक-नायिकेचं सगळ्यात मनातलं बोलणं त्या पतंगात होतं, आणि खाली डोला नळीतून ते ऐकत असते.

बाजाराचं म्हणाल तर डोलाचा हिशेब साफ आहे. शेवटी अख्खं रत्नांचं शहर हातचं जातं आणि हे लोक कपड्यात कोंबलेले मूठभर दागिने दाखवून खूश. लुटारूला पोटापुरतं मिळालं.


रात्रपाळी

विक्री दाखवलेला एक तरी सिनेमा आहे. 'स्टारडस्ट', २००७. रॉबर्ट डी निरोचा कप्तान वादळात शिरून वीज पकडतो, पिंपात भरतो आणि खाली एका दलालाला विकतो. घासाघीस चालते, दलाल म्हणतो हल्ली विजेला गिऱ्हाईक नाही. गुंड कप्तानाचा हळवा चेहरा वगैरे नंतर येतो, मला तो व्यवहारच जास्त आवडला. वीज कोणाच्या बापाची नाही, त्यामुळे चोरीही नाही. मासेमारीच म्हणा.


झिरोमाईल

@रात्रपाळी हे मी विसरलोच होतो, क्या बात! दलाल हवा. दलालाशिवाय लुटारू म्हणजे नुसता भटक्या.


देवघरातला_उंदीर

आपल्याकडे हे सगळं होतं असं म्हणायला आलो आहे. घाबरू नका, वैमानिकशास्त्र काढत नाही. फक्त पात्रांबद्दल बोलतो.

पुष्पक विमान रावणाचं नव्हतंच. कुबेराकडून हिसकावलेलं. म्हणजे साहित्यातलं सर्वात प्रसिद्ध विमान हा चोरीचा माल आहे, आणि लंकाविजयानंतर रामाने ते परत कुबेराकडे पाठवलं. मुद्देमाल मूळ मालकाला परत. वकीलीणताई खूश.

पण खरा आकाशचाचा म्हणजे महाभारताच्या वनपर्वातला शाल्व. सौभ नावाचं उडतं नगर घेऊन द्वारकेवर चालून येतो, कृष्ण राजसूयासाठी इंद्रप्रस्थात असताना, शिशुपालाचा सूड म्हणून. तिथलं वर्णन वाचा. द्वारकेत दारूबंदी लागते, पूल तोडतात, नावा अडवतात, मुद्रा असल्याशिवाय कोणाला आत-बाहेर सोडत नाहीत. आकाशातून हल्ला येणाऱ्या शहराची एवढी रोजच्या व्यवहारातली तयारी मी आधुनिक अद्भुतकथेतही फारशी पाहिली नाही. शाल्व माया वापरतो, वसुदेव मारला गेल्याचा देखावा उभा करतो, कृष्णसुद्धा क्षणभर गडबडतो.

आणि ही गोष्ट कृष्ण कोणाला सांगतो? वनातल्या युधिष्ठिराला, द्यूताच्या वेळी मी का नव्हतो याचा खुलासा म्हणून. अख्ख्या महाभारताची वाट लागली तेव्हा देव आकाशचाच्याच्या मागे धावत होता.


कोथरूडचा_कावळा

शेवटच्या वाक्यासाठी +१. वाचनखूण साठवली.


धंतोलीची_सून

थोडा कडू प्रतिसाद देते, चालेल ना?

माझ्या सासूबाई बंगालमधल्या वर्धमानच्या. मुलाला झोपवताना त्या जे अंगाईगीत म्हणायच्या त्याचा अर्थ मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळला. बाळ झोपलं, पाडा शांत झाला, बर्गी देशात आले. पाखरांनी धान खाल्लं, आता सारा द्यायचा कुठून? हे बर्गी कोण? आपल्या रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. नागपूरहून गेलेले. १७४१ पासून दहा वर्षं दरसाल स्वाऱ्या. कोलकात्याने १७४२ मध्ये त्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला, त्याला मराठा खंदकच म्हणतात. गंगाराम नावाच्या कवीने त्यावर बंगालीत 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, गावं जाळल्याचं त्यात तपशिलाने आहे.

महालात राहिलेल्या माझ्या माहेरी रघूजी म्हणजे पराक्रम. सासरी तेच नाव अंगाईतला बागुलबुवा. तुम्ही नागपूरच्या आभाळात लुटारू शोधताय. तिकडून पाहिलं तर लुटारूंचा तळ हाच होता की.


महालातला

ताई, आदर ठेवून विरोध. चौथाई हा करारातला हक्क होता, वाटमारी नाही. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने तह केला, सालाना बारा लाख आणि ओडिशाचा महसूल दिला. चाच्याशी कोणी तह करतं का?


धंतोलीची_सून

दादा, तह १७५१ चा. गावं आधीची दहा वर्षं जळली. तह करून देण्याइतकी दहशत बसली, तीच तर गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच की तुमच्या कथेत खालून वर पाहणारं एखादं माणूस असू द्या. त्या अंगाईतली आई असू द्या. गॉगलवाल्या सगळ्या कथा जहाजावरूनच सांगितल्या जातात.


कोकणस्थ_खलाशी

याच न्यायाने कान्होजी आंग्रे. इंग्रजांच्या कागदात चाचा, आपल्याकडे सरखेल. त्यांचे दस्तक घेऊन जाणाऱ्या जहाजाला हात लावत नसत, न घेणाऱ्याला सोडत नसत. इंग्रजही तेच करत, फक्त त्यांच्या परवान्यावर राजाचा शिक्का. चाचा कोण हे शिक्क्यावर ठरतं. १७२९ मध्ये कान्होजी वारले तोवर इंग्रज-पोर्तुगीज दोघांनी मिळूनही त्यांना हलवता आलं नाही.


महालातला

पिंडाऱ्यांना मात्र कोणी सरखेल म्हणू नका. त्यांनी आमच्या भोसल्यांच्या मुलखालाही सोडलं नाही. आणि त्यांचा शेवट कथाकाराला शोभेल असा: त्यांचा म्होरक्या चितू, त्याला इंग्रजांनी मागे लागून लागून अशीरगडच्या जंगलात ढकललं, तिथे वाघाने खाल्ला. टोंकच्या अमीरखानाला मात्र नवाबी मिळाली. एकच धंदा, एकाला वाघ, एकाला गादी.


टपालकाका

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. इथे सहसा फक्त वाचतो. तुम्हा मुलांना नागपूरच्या आभाळात लुटण्यासारखं काय होतं ते माहीत नाही असं दिसतं, म्हणून लिहितो.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री विमान सुटायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरायची. आधी डाकोटा होती, नंतर चार इंजिनांची स्कायमास्टर आली. इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातली दिल्लीची थैली दिल्लीच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या. प्रवासीही तसेच विमान बदलत. मग चारही विमानं उलटी फिरून पहाटेपर्यंत आपापल्या गावी. आज टाकलेलं पत्र उद्या सकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाला. सत्तरच्या दशकापर्यंत हे चाललं.

मी नोकरीला लागलो तेव्हा शेवटची काही वर्षं पाहिली. थैलीच्या तोंडाला सुतळी, गाठीवर लाखेची मोहर, तिच्यावर शिक्का नीट उमटला आहे की नाही ते कंदिलाजवळ धरून बघायचं. मोहर तडकलेली असली तर थैली घ्यायची नाही, आधी पंचनामा. नोंदणीची आणि विम्याची पाकिटं वेगळी, त्यांची यादी वेगळी. धावपट्टीवर घाई चाललेली असायची, पण मोहरेपाशी सगळे थांबत.

तर बाळांनो, देशाचे चेक, हुंड्या, दागिन्यांची पार्सलं, प्रेमपत्रं आणि न्यायालयाची समन्सं रोज रात्री एका तासासाठी एकाच धावपट्टीवर. मी लुटारू असतो तर दुसरीकडे गेलोच नसतो.


झिरोमाईल

काका, साष्टांग. यासाठीच धागा काढला होता असं आता वाटतंय. आणि @यंत्रविद्या, डाकोटा पकडायचीच गरज नाही! ती स्वतःहून इथे उतरते.


यंत्रविद्या

मग हवाई जहाजाचीही गरज नाही. चार सायकली पुरतील. विनोद सोडा, पण कथेचा हा खरा धोका आहे. जमिनीवर उतरणारी गोष्ट लुटायला आकाशात कशाला जायचं, याचं उत्तर लेखकाला द्यावं लागतं. जगात एकच उदाहरण मला ठाऊक आहे जिथे उडत्या जहाजाने सरळसरळ गलबत धरलं: एप्रिल १९१७, जर्मन झेपेलिन एल-२३ ने उत्तर समुद्रात 'रॉयल' नावाचं नॉर्वेचं शिडाचं जहाज थांबवलं, माणसं चढवली आणि जर्मनीला नेलं. तेही युद्धात, सरकारी शिक्क्याने. खाजगीत कोणाला परवडलं नाही.


ग्रंथालयातली_मांजर

एक जुनी गोष्ट सांगते, ती धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं.

इसवी सन ८१५ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिआँ शहरात आगोबार्द नावाच्या धर्मगुरूने गारपीट आणि गडगडाटावर एक पुस्तिका लिहिली, लोकांच्या भ्रमांवर चिडून. तो म्हणतो, इथल्या लोकांना वाटतं की 'मागोनिया' नावाचा एक देश आहे, तिथून ढगांतून जहाजं येतात. गारांनी आणि वादळाने पडलेलं धान्य ही जहाजं भरून नेतात. आणि हे वादळ आणणारे मांत्रिक खाली गावातच असतात, ते आकाशातल्या खलाशांकडून धान्याची किंमत घेतात! एकदा लोकांनी तीन पुरुष आणि एक बाई यांना साखळ्या घालून आणलं, हे जहाजातून पडले म्हणून. दगडांनी मारणार होते. आगोबार्दने वाद घालून ते थांबवलं.

पुढे तो आणखी कुरकुरतो. वादळापासून पीक वाचवतो म्हणणाऱ्यांनाही लोक पिकाचा ठरलेला वाटा देतात, आणि देवळाला द्यायची वेळ आली की हात आखडतात.

बघा, सगळं आहे. माल: पडलेलं पीक. पुरवठादार: गावातला फितूर. दर ठरलेला. वर संरक्षणाची खंडणी वेगळी. बाराशे वर्षांपूर्वीच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी आकाशचाच्यांचा धंदा आजच्या पटकथाकारांपेक्षा चांगला मांडला होता. टोपीबद्दल एक अक्षर नाही.


काटोलकर

मांजरताईचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे संत्र्याचे बगीचे हायेत. फेब्रुवारी-मार्चात गारा आल्या का मृग बहाराचं फय तोडनीले आलेलं असते ते खाली, अन् आंबिया बहाराचा फुलोरा नुकता धरलेला असते तोही खाली. एकाच दनक्यात दोन वर्सं. फयावर गारेचा मार दिसते, छोटासा काया डाग, आत काईच होत नाई दोन दिस. मंग तिथूनच सडते. अन् त्या दोन दिसांतच मानूस येते टेम्पो घेऊन, 'ज्यूसले जाईन' म्हनते अन् पडेल तो भाव देते. मागच्या एका गारपिटीत असा एक जन आला तं आभाय अजून कायंच होतं. त्याले कोनं सांगतलं इतक्या लवकर? मागोनियातूनच आला असन.

अन् दुसरं. माहा आजा सांगे, गावात गारपगारी असे. आभायात गारांचा ढग दिसला का तो वावरात जाऊन मंत्र म्हने, गारा दुसरीकडे वयवे. त्याच्यासाठी सुगीवर घरटी त्याले दाने देत. गारा पडल्या का त्याचे दाने कमी.


ग्रंथालयातली_मांजर

@काटोलकर, तुमचे आजोबा बरोबर सांगत होते. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६ चा ग्रंथ आहे, त्यात गारपगारींवर स्वतंत्र प्रकरणच आहे, नागपूर-वर्ध्याकडच्या मराठी मुलखातलं गावकीचं काम म्हणून. आगोबार्दच्या पुस्तिकेतले 'वादळापासून वाचवणारे' आणि हे, दोघांमध्ये हजार वर्षं आणि दोन खंड. पगाराची पद्धत तीच.


झिरोमाईल

थांबा, थांबा. मला दलाल सापडला.

टपालाची विमानं राहू द्या, काका माफ करा, ती दुसऱ्या कथेला ठेवतो. ही गोष्ट काटोलच्या वावरातून सुरू होते. गारपगारी आहे, पन्नाशीचा, मंत्रावर आता कोणाचा विश्वास नाही, दाणे बंद झाले आहेत. एके रात्री ढगातून दोर खाली येतो. वरचे म्हणतात, तू गारा अडवत होतास तोवर आमचा धंदा बसला होता. आता अडवू नकोस, वाटा घे. तो वाटा घेतो का, हीच कथा. चाचे कमीत कमी दिसतील, बहुतेक दोरच दिसेल. आणि गोष्ट सांगणार खालची बाई, धंतोलीताईंच्या म्हणण्याप्रमाणे, गारपगाऱ्याचीच सून. तिच्या बापाचा बगीचा शेजारच्या गावात आहे. गारा वळवल्या तर तिकडेच जाणार.


पैठणीतली_पिस्तूल

सून! बाप शेजारच्या गावात! हे झालं काम. वरची कप्तान म्हातारी बाई ठेवा, सुनेशी तिचं पटू द्या. गॉगल मात्र एक तरी राहू द्या हो, आम्हाला पण काहीतरी.


महालातला

बर्गी, पिंडारी काहीच वापरणार नाही? एवढं लिहिलं आम्ही.


झिरोमाईल

@महालातला, वरच्या लोकांची बोली जुनी, दोनशे वर्षांपूर्वीची ठेवतोय. ते कधीतरी वर गेले आणि उतरलेच नाहीत. कुठून गेले ते वाचकाने ओळखावं. त्यांच्यातला एक वाघाला फार घाबरतो.


कोथरूडचा_कावळा

हे मात्र जमलंय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.


यंत्रविद्या

एक टन संत्री वर घ्यायला जवळपास हजार घनमीटर हायड्रोजन लागेल, मार्चमधल्या उन्हात थोडा जास्तच. एका बगीच्यात किती टन धरायचे ते काटोलकरांनी सांगावं, मी पिशवीचा आकार काढून देतो. दोर कशाचा आहे? तागाचा असेल तर त्याचं स्वतःचं वजन धरा, लोक नेहमी विसरतात.


वकीलीणबाई

गारपगाऱ्याने वाटा घेतला तर तो चोरीचा माल स्वीकारणारा ठरतो की कटातला भागीदार, हे दुसऱ्या भागाआधी मला विचारून घ्या. पडलेलं फळ कोणाचं, हा दिवाणी प्रश्न वेगळाच आहे आणि त्यावर बरीच वर्षं निघू शकतात.


काटोलकर

यंत्रविद्याभाऊ, टनाचं मंग सांगतो, यंदा बार कसा धरते त्याच्यावर हाये. पर एक लिहून ठेवा कथेत. वरतून येतीन अन् संत्रा नेतीन तं तोडाईची मजुरी त्यायनंच द्याव. इथं मजूरच भेटून नाई राहिले, त्यायच्याकडे तं रिकामे मानसं दिसतेत.